शब्दशः

चक्रनारायण सरांनी दिलेला कागद तीन रकान्यांचा:
रुग्ण काय म्हणाला,
मी काय म्हणाले,
आणि मला आत काय झालं.
तिसरा रकाना सगळ्यांत अरुंद.

मिरजेत, पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात
माझा हा सातवा आठवडा.
पदवीवर पदवी, तिच्यावर हे दवाखान्यातलं प्रशिक्षण,
मग मंडळी ठरवणार
मेजामागे बाई उभी राहिली तर
भाकर भाकरच राहते का.
मोडकसाहेब, आमचे वडीलजन, म्हणाले,
"शिकू दे की. शिकायला कुणाची ना आहे?"
आणि बिस्कीट चहात जरा जास्तच वेळ धरलं.
पडलं ते.

खाट अकरा. धुळाप्पा गावडे. वय, "साठ धरा."
सांगलीच्या हळद बाजारात हमाल.
आतड्याला पीळ पडलेला, दीड हात कापून काढलं.
चादर पांढरी, पट्टी पांढरी,
तळवे तेवढे पिवळे.
सिस्टरनं स्पिरिटनं पुसले, तरी पिवळेच.
मी स्टूल ओढलं.

"डाक्टर हाईस?"
"नाही."
"शिस्टर?"
"नाही. मी प्रार्थना करते. म्हणजे, शिकतेय अजून."
"किती वरसं?"
"आठ."
त्यांनी छताकडं बघून हिशेब केला.
"पोतं उचलायला मी एका सकाळीत शिकलो.
खाली ठेवायला शिकण्यात मातर लई वरसं गेली.
पाठ मोडती ती ठेवताना."

हे पहिल्या रकान्यात लिहिलं.
दुसऱ्यात लिहायला काही नव्हतं.

ग्रीकच्या तासाला फळ्यावर एक क्रियापद होतं.
गर्दी बघून, पोर गमावलेली विधवा बघून
येशूला जे होतं, ते.
आपण कळवळा म्हणतो, सर म्हणाले,
पण त्याच्या मुळाशी आतडी आहेत.
वर्ग थक्क. मी दोनदा अधोरेखित केलं.
पेपरात आलं, दहापैकी नऊ पडले.

आणि आई,
ह्याच दवाखान्यात बावीस वर्षं रात्रपाळी केलेली,
ग्रीकचं एक अक्षर न बघितलेली,
सकाळी कणीक मळता मळता म्हणायची,
"चार नंबरचं पोर गेलं गं. आतडं तुटलं माझं."
आम्ही म्हणायचो,
आई, डबा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हात पुढं केला.
"वास येतोय का बघ."
"येतोय. हळदीचा."
"मग हाय म्हणायचा मी अजून."
"प्रार्थना करू का?"
"कुणाच्या देवाला?"

धर्मांच्या संवादावर मी चोवीस पानं लिहिलीत,
तळटिपांसकट.
एकही टीप वर आली नाही.

"बिरोबाला रातच्यालाच सांगितलंय मी," ते म्हणाले,
"त्याला सारखं सारखं नको.
तुझा असंल त्याला तू सांग.
फकस्त हळू. बारा नंबरचं पोरगं आत्ताच झोपलंय."

मी हळू बोलले.
मग आणखी हळू.
मग नुसताच त्यांचा हात धरून बसले,
आणि डोळे उघडले तर ते घोरत होते.

सोमवारी अकरावर दुसराच माणूस, पाय वर टांगलेला.
"गावडे? काल सोडलं," सिस्टर म्हणाली.
"सहा महिने ओझं नाही सांगितलं तर हसले."

कागद परत आला. सरांची हिरवी शाई:
'तुम्ही फार कमी बोललात.'
शाबासकी की तक्रार, कळत नाही.
तिसऱ्या रकान्याशी एक प्रश्नचिन्ह.
तिथं मी आधी आईचं वाक्य लिहिलं होतं,
मग खोडलं,
उसनं वाटलं म्हणून.

रविवारी उपासनेनंतर
रिकामे पेले गोळा करायचे माझ्याकडं.
त्याला बाई चालते.
अंगठ्याएवढे सत्तावन्न पेले,
तळाशी द्राक्षरसाचा एकेक थेंब,
आणि तबक आहे त्याहून जड.
मोडकसाहेब दाराशी चपला शोधत होते.
मी गुडघे वाकवले, पाठ सरळ धरली,
आणि ते खाली ठेवायला
लागेल तेवढा वेळ घेतला.