फुलापासून फुलापर्यंत

शनिवारी दुपारी वीज गेली
आणि साखर पेठेतले सगळे माग एका दमात गप्प झाले.
धोटे जिथं होते तिथंच राहिले.
नायनांना कळलं नाही.
चाळीस वर्षांच्या खटखटाटानं त्यांचे कान
केव्हाच विणून बंद केलेत.

मी वहीत लिहून दाखवते, मोठ्या अक्षरात:
अगदी सुरुवातीला विश्व म्हणजे उकळती खळ,
आणि तिच्यातून आवाज पळत होता,
तीन लाख ऐंशी हजार वर्षं.
मग खळ निवली. उजेड सुटला,
आवाज होता तिथंच थिजला.
आपल्याकडं उजेड जातो तेव्हा आवाज थांबतो,
तिथं उजेड सुटला तेव्हा.

ते चष्मा कपाळावर ढकलतात.
"मग त्याचं माप उरलं असेल की."

उरलंय.
आज साधारण एकोणपन्नास कोटी प्रकाशवर्षं.
तेवढ्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या
जरा जास्त सापडतात. शंभरात एखादी, तेवढंच.
दोघींकडं बघून कुणालाच दिसणार नाही;
लाखो जोड्या मोजाव्या लागतात,
आई विड्यांचे कट्टे मोजायची तशा,
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
केगावला संगणक रात्रभर मोजत बसतो,
मी शेवटच्या बसनं घरी येते.

नायना उठतात, कपाटातून
स्वतःच्या मागावरची जुनी चादर काढतात,
फुलापासून फुलापर्यंत वीत टेकवतात.
"एक वीत चार बोटं काढलं होतं मी. आता पाच.
कापड ताणलंय. किती धुणी झाली ते सांगू?"
मग खिडकीबाहेर बोट:
मेरगूंच्या गच्चीवर तीच चादर, तेच जकार्ड,
फुलं शेंगदाण्याएवढी.
"ती किती लांब, तेही सांगतो."

मला हे कळायला सहा वर्षं लागली.

"पण बिड्डा,"
(स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून जरा मोठ्यानंच)
"मोजणारी वीत नाही का ताणत?"

नाही, मी लिहिते.
जे एकमेकांना धरून असतं ते ताणत नाही.
हात, घर, सोलापूर, आपली आकाशगंगा.

ते बराच वेळ वहीकडं बघतात.
बोट 'सोलापूर'वर येऊन थांबतं.
"हे कुणी तपासलं?
आपल्या गल्लीतली अकरा घरं भिवंडीला गेली."

मी पेन उचलते.
उत्तर लिहायच्या आत
त्यांचे अनवाणी तळवे फरशीवर जरा सरकतात.
"आली," ते म्हणतात.
मी पंख्याकडं बघते:
नुकता, अगदी हळू, फिरायला लागलाय.