वयाचा रकाना

फॉर्म बारा-ड पोषण आहाराच्या वहीत घडी घालून
मी खालच्या गल्लीत शिरले.
पाच दिवसांची मुदत, त्यात एक रविवार.
पंच्याऐंशीच्या पुढचे, चाळीस टक्क्यांच्या वरचे,
त्यांच्या दारात पेटी जाईल, असा कायदा.
कायदा चांगला आहे. मी तो तीनदा वाचला,
एकदा मोठ्यानं, तव्यावर भाकरी असताना.
भाकरी करपली.

केवळाबाई उखळापाशी, पाय लांब करून.
"वय किती, माय?"
"पोलीस ॲक्शनच्या साली मी नऊ वर्षांची.
रझाकार आले तवा आईनं कडब्याच्या गंजीत दडवलं,
शिंक आली तर माती खा म्हणली.
खाल्ली. मोज आता तू."

मी मोजलं, बोटांवर, मग मोबाईलवर.
पंच्याऐंशी भरत होते.
मग कार्ड पाहिलं.
एक जानेवारी एकोणीसशे पंचेचाळीस.
आमच्या गावात निम्मी माणसं एक जानेवारीची.
कुण्या गुरुजीनं अंदाजे लिहिलं असेल,
दुपारची वेळ असेल, रांग लांब असेल,
आणि केवळाबाईनं पदर पुढं ओढलेला असेल.

भिंतीपलीकडं धोंडाबाई.
केवळाबाईच्या लग्नात ती करवली होती,
मांडवातच झोपून गेलेली, कलश मांडीत.
कार्डावर करवली शहाऐंशीची.
नवरी एकोणऐंशीची.

"कामून गं, मला न्हाई का पेटी?"
मी म्हणाले, मग टक्के तरी दाखवा.
गुडघ्यांचे असतील, डोळ्याचे असतील,
परभणीला सरकारी दवाखान्यात बुधवारी बोर्ड बसतं.
ती माझ्याकडं बघत राहिली.
घराबाहेर निघता येत नाही हे लिहून आणायला
फाट्यापर्यंत चालायचं, दोन एसट्या बदलायच्या,
वर जिना. मीच खाली बघितलं.

धोंडाबाईकडं माणसं आली चार दिवस आधी.
एक पोलीस, एक कॅमेरा, पुठ्ठ्याचा आडोसा.
तिनं चहा केला, त्यांनी घेतला नाही.
भिंतीवरून केवळाबाई ओरडली,
"करवले, नीट बघून मार गं शिक्का!"
कॅमेऱ्यात ते रेकॉर्ड झालं.

मतदानाच्या दिवशी ती आली
पाण्याच्या जारच्या टेम्पोतून,
वीस निळ्या जारांमध्ये एकवीसावी.
शाळेला नवा रॅम्प आहे, त्यावर बाण आहे, चित्र आहे,
आणि रॅम्प संपतो तिथं चार बोटं उंच उंबरठा.
चाकाची खुर्ची तिथं अडली.
दोन पोरांनी खुर्चीसकट उचललं.
"सावकाश रे," ती म्हणाली, "म्या काय जार हाय का?"

तिच्या पुढं हणमंत, जन्माचा आंधळा.
यंत्रावर ठिपके आहेत, बोटांनी वाचायचे.
त्याला ते कधी कुणी शिकवले नाहीत.
सून सोबत गेली. शाई दोघांना,
त्याच्या डाव्या बोटाला, तिच्या उजव्या.
गुप्तता पाळीन असं तिनं लिहून दिलं.
बाहेर आल्यावर तो तिला काही विचारणार होता.
माझी चाहूल लागली, थांबला.

केवळाबाईनं बटण स्वतः दाबलं.
सात सेकंद चिठ्ठी दिसते, काचेमागं.
तिला काच दिसली, चिठ्ठी नाही.
"वाजलं की," ती म्हणाली. "वाजलं म्हंजी गेलं."

दुसऱ्या आठवड्यात फॉर्म आठ घेऊन गेले,
वय दुरुस्तीचा. पुरावा लागतो, शाळेचा दाखला चालतो.
जिथं तिला उचलून नेलं ती शाळा
ती निबर झाल्यावर बांधली.
न आलेल्या पोरीचा दाखला शाळा कुठून देणार?

"मातीचं लिही," केवळाबाई म्हणाली.
"माती खाल्ल्याचं लिही की. खोटं हाय का ते?"

मी पेन्सिलीनं लिहिलं, रकान्याच्या बाहेर, समासात.
अजून पुसलेलं नाही.
फॉर्म वहीतच आहे,
खिचडीच्या तांदळाच्या हिशेबाला लागून.