अपेक्षित काय, छापलं काय

बुधवारी अपडेट घेतलं आणि
केळीतला ळी गेला.
पडद्यावर आहे. पावतीवर नाही.
के, आणि पुढे रिकामा चौकोन,
पाट मांडून जेवणारा उठून गेल्यासारखा.

सावद्याच्या काट्यावर दिवसाला साठेक पावत्या निघतात.
बाहेर दिल्लीची गाडी भरत होती,
पंजाबी ड्रायव्हरनं कागद उलटासुलटा करून खिशात घातला.
त्याचं काही अडलं नाही.
सुपडू तडवी मात्र खांद्यावरचा घड खाली ठेवून वाचायला आला.
हसला. म्हणाला,
"ताई, मशीन बी आता केयीच म्हनते.
आपून तरी कवा म्हनतो ळ?"

खरं होतं.
म्हणूनच लागलं.
तिसरीत वारके मास्तरांनी पट्टीच्या कडेनं
बोटांवर चार वेळा दिला होता मला हा ळ:
केयी नाही, केळी. डोया नाही, डोळा.
घरी येऊन आईला सांगितलं,
तर आई म्हणे, लय सुजलं का वं, दाखव,
आन् डोयातलं पानी पुस.

असो.
प्रिंटर बंद केला, चालू केला.
केबल काढून फुंकली, उगाच.
दुसरा फॉन्ट लावला. तिसरा लावला.
नवा युजर काढून त्याच्या कोऱ्या घरात जाऊन छापलं,
तिथंही चौकोन.
भुसावळच्या निलयला फोन केला,
ज्यानं फुकटची म्हणून ही लिनक्स बसवून दिली होती.
तो म्हणाला, मावशी, लॉग वाच.
लॉग नऊशे ओळींचा.
त्यात माझ्या अक्षराबद्दल
कुणी एक शब्द काढलेला नव्हता.

मग दुपारी, काटा रिकामा असताना,
जुन्या पावत्या टेबलावर पसरल्या.
'जळगाव' धड. 'वेळ' धड.
'सकाळी' फुटलेलं.
पुन्हा पाहिलं. वेळ धड, सकाळी फुटलेलं.
एकटा ळ छापतो.
त्याला दुसरी वेलांटी लागली की जातो.

हे कळलं तेव्हा कुणाला सांगावं कळेना.
काट्यावर फक्त एक कुत्रं होतं.

रात्री तक्रार लिहिली. मोडक्या इंग्रजीत.
तिथं रकाने असतात: काय केलंत,
काय व्हायला हवं होतं, काय झालं.
मधल्या रकान्यात मी नुसतं लिहिलं: ळी.
सोबत जोडली एक फाईल,
पांढरं पान, मधोमध तेवढंच.
इतकी लहान तक्रार
मी आयुष्यात कुणाकडे केली नव्हती.

दोन दिवसांनी उत्तर आलं,
जिथं आपली सकाळ म्हणजे रात्र, अशा कुठूनसं:
माझ्याकडे असं होत नाही.
आवृत्ती कळवा.
कळवली.
मग त्यानं विचारलं, कदाचित सहजच,
हे अक्षर तुम्ही उच्चारता कसं?

लिहिलं: जीभ मागे वळवून टाळूला.
पुसलं.
लिहिलं: आमच्याकडे उच्चारत नाहीत.
तेही पुसलं. तो म्हणाला असता,
मग हवंय कशाला?
खोलीचं दार लावून मी मोठ्यानं म्हणून पाहिलं,
केळी. केळी. केयी.
बोटं आपोआप मुठीत गेली.

शेवटी लिहिलं, उच्चार वेगवेगळे आहेत,
लिहिताना मात्र हेच लागतं.

आज त्या तक्रारीखाली तिसरंच कुणीतरी आलंय,
गोव्याकडचं दिसतं:
माझ्याकडेही. 'नारळी' छापत नाही.
आणि वरची पाटी बदललीय,
'नवी' होती, आता 'खात्री पटली'.
दुरुस्ती कधी, ते कुणी म्हणत नाही.

तोवर साठ पावत्या, साठ चौकोन.
सुपडू गाडीचा नंबर सांगतो,
मी निळी शाई भरून घेते.