आकडा

मिरजेच्या वॉर्डात खिडकीकडची तिसरी खाट.
दस्तगीर मुलाणी, वय एकेचाळीस,
सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहायचा.
थप्पीवरून पडला. पाठीचा बारावा मणका.

मी फॉर्म भरते.
चालणे : चार. म्हणजे पूर्ण अडचण.
खाटेवरून खुर्चीत : तीन;
महिन्याभरात दोन होईल, फळीवरून घसरायला शिकतोय.
लघवीचं विचारताना आवाज मीच उतरवते,
तो नाही. "लिवा चार. पोरींना सांगून झालंय."

मग म्हणतो,
"आमचाबी आकडा असायचा, बाई. लोखंडी.
पोत्यात रुतवायचा, पाठीवर ओढून घ्यायचं.
तुमचा कुठं रुतवताय?"

मी पान उलटते.
पुढचा भाग त्याच्या अंगाचा नाहीच :
घर, रस्ता, माणसं, कायदे.
अडथळ्याला नुसता आकडा,
आधाराला आधी अधिकचं चिन्ह.

"उंबरा?"
"वीतभर. खाली दोन पायऱ्या."
चार.
"संडास?"
"गल्लीच्या टोकाला."
चार.

तो कोपरावर रेलून कागदात डोकावतो.
"म्हंजी ह्ये चार पायरीचं? माझं न्हाई?"
"पायरीचं."

बराच वेळ छताचा पंखा बघत राहतो.
"यल्लाप्पा मुकादमाकडं फळ्या हायत,
ट्रकला लावायच्या.
एक पायरीवर टाकली तर?
इचारतो त्याला. न्हाई म्हणायचा न्हाई."

ओळखीची माणसं, मी लिहिते. अधिक.
आणि चिन्हापुढची जागा
फळी येईपर्यंत
कोरी ठेवते.