एका विडीत एक वाक्य

ऑफिसनं दिलेला कागद असा सुरू होत होता:
‘पात्र लाभधारकांनी विहित नमुन्यातील अर्ज
साक्षांकित छायाप्रतींसह विहित मुदतीत
सादर करणे अनिवार्य राहील.’
साहेब म्हणाले, हे विडीवाल्या बायकांना कळेल असं करा.
म्हटलं, करते. दोन दिवस. फार तर तीन.

घरकुलात दुपारचे तीन,
पत्र्याखाली आठ बायका, मांडीवर सुपं.
तंबाखूनं मला शिंका आल्या.
त्या तेलुगूत हसल्या,
मग माझ्यासाठी मराठीत पुन्हा एकदा.

बालामणी गुंडेटींनी माझा कागद
सुपाच्या काठाला टेकवला.
हात थांबले नाहीत:
पान, चिमूटभर जर्दा, वळ, दोरा, तोंड मुडप.
माझी ओळ संपण्याआधी त्यांची विडी संपली.
पुढचं पान घेतलं, ओळ पुन्हा पहिल्यापासून.
तिसऱ्या विडीला म्हणाल्या,
“तुझं वाक्य लई लांब हाय गं. माझा दोरा पुरंना.”

तेव्हा माप मिळालं.
एका विडीत एक वाक्य.

खोलीवर येऊन कापत बसले.
आधार कार्डाची झेरॉक्स आणा.
बँकेचं पासबुक आणा.
दोन फोटो आणा.
पंधरा तारखेच्या आत या.
इथवर सोपं होतं.
‘रक्कम अदा करण्यात येईल’ यात
करणारा कोण, ते शोधण्यात
अख्खी संध्याकाळ गेली. कुणी सापडेना.
साहेबांना फोन केला. म्हणाले, ते तसंच लिहितात.
मी लिहिलं: पैसे आम्ही देऊ.
सकाळी ‘आम्ही’खाली लाल रेघ.

दुसऱ्या खेपेला बालामणी वाचत गेल्या,
विडीमागं विडी, ओळीमागं ओळ,
कोपऱ्यातल्या चित्रापाशी थांबल्या.
“हा हसरा सूर्य कशाला?”
“असंच. छान दिसतं.”
“बालवाडीत लाव.”
मी खोडरबर शोधू लागले.

त्यांचा नवरा जकार्डवर होता.
अक्षर एक येत नव्हतं,
पण पत्त्याची भोकं बोटानं चाचपून सांगायचा,
चादरीत मोर कुठल्या हातावर येणार.
हे त्यांनी सूर्य खोडला जात असताना सांगितलं,
माझ्याकडं न बघता.

मग बोट ठेवलं ‘म्हातारपणाचे पैसे’वर.
“खिडकीवरचा माणूस असं म्हणतोय का?”
“नाही. तो भविष्य निर्वाह निधी म्हणतो.”
“मग त्योच शब्द दे मला.
तुझा सोपा घेऊन गेले तर म्हणंल,
असलं काय नाय इथं, जा.”

शहाबादी फरशीवर खडूनं लिहिला.
भविष्य. निर्वाह. निधी.
तीन कट्टे बांधावेत तसा, मधे जागा सोडून.
भविष्य सगळ्यांना येत होतं,
रविवारच्या पेपरात असतंय की, एक जण म्हणाली.
निधी एकीच्या जावेचं नाव निघालं.
निर्वाह मात्र यल्लव्वाच्या दातात अडकला,
तिनं तो दोनदा गिळला, तिसऱ्यांदा
दारात उभ्या शेळीवर ओरडल्यासारखा बाहेर काढला.
शेळी पळाली.
त्या दुपारी विड्या कमी झाल्या, शंभरेक तरी.
मजुरी कुणाची बुडाली, ते मी विचारलं नाही.

छापून आला तेव्हा कागद पिवळा होता.
सूर्य नव्हता. झेरॉक्स होती, पासबुक होतं,
तो कठीण शब्द ठळक अक्षरात होता.
शेवटची ओळ कुणीतरी परत बदलली होती.

बालामणींनी वाचली. मोठ्यानं.
“पैसे देण्यात येतील.”
दोरा बोटाला तसाच, विडी अर्धी वळलेली.
पहिल्यांदाच हात थांबलेले पाहिले.
“कोण देणार गं?”

आठही सुपं माझ्याकडं बघत होती.