निशाणी बादली

अर्जात एक रकाना होता, स्थावर-जंगम मालमत्ता.
मी विचारलं, विड्यांचं सूप धरायचं का यात?
कातर, पत्र्याचा साचा, पानं गुंडाळायचं ओलं फडकं?
टायपिंगवाला चिप्पा हसला नाही.
म्हणाला, अक्का, ‘निरंक’ लिहू.
त्या दिवशी कळलं,
काहीच नसण्याला इतका स्वच्छ शब्द असतो.

अनामत म्हणजे बारा हजार विड्या.
चिठ्ठीत नाव आलं, वडनाल अंबव्वा नरसय्या,
अपक्ष.

निशाणी नळ मागितली होती.
नळ गेला टँकरवाल्याला.
मला बादली.
जैतुनबी म्हणाली, रडूलालीस कशाला?
नळ काय, कोरडाबी असतोय.
बादली तर दारोदारी आधीच मांडून ठेवलीय लोकांनी,
तुझा प्रचार फुकटात झाला की गं.

तेलुगूत मत मागितलं, कानडीत चहा प्याले,
मराठीत शिव्या खाल्ल्या.
पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात
भाषण कोण ऐकणार?
नुसते हात जोडले.
टॉवेलच्या धाग्यांमागून एक मान हलली.
ती हो होती की नाही,
मोजणीपर्यंत कळलं नाही.

सदतीस मतं जास्त.
गुलाल धुवायला घरात पाणी नव्हतं.
पाचवा दिवस होता, पाळी उद्याची.

मग फोन.
पहाटे तीनला फोन, जेवताना फोन,
मयताच्या घरी बसले तरी फोन,
पाणी येऊलालंय का ओ? कधी येऊलालंय?
कुणी नाव सांगत नाही.
मीही असंच करायची, मागच्या नगरसेवकाला.
तो उचलायचा नाही. मी उचलते.
उचलून काय सांगायचं,
हे मात्र अजून कुणी शिकवलेलं नाही.

विभागीय कार्यालयातल्या कारकुनानं
एक गठ्ठा पुढं सरकवला, आपल्या अभिप्रायासाठी.
तिसरा कागद ओळखीचा वाटला.
वहीचं पान, निळी शाई,
‘पाणी’तला ण नेहमीसारखा आडवा पडलेला.
सहा वर्षांपूर्वीचा माझाच अर्ज.
वर चार शिक्के, चार सह्या,
‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ फिरत फिरत
माझ्याकडेच आलेला.
अर्जदार: मी.
उत्तर देणार: मी.
कारकून म्हणाला, मॅडम, इथं सही करा.
मॅडम कोण, म्हणून मी मागं वळून बघितलं.

सही नाही केली.
कागद घडी घालून चंचीत ठेवला,
सुपारीशेजारी.

त्याच रात्री गुरसिद्ध चावीवाल्यासोबत गेले.
खांद्यावर त्याची लांब लोखंडी चावी,
विडी घरकुलाच्या वळणावर
झाकण सरकवून तो खड्ड्यात उतरला.
उजनीवरून एवढ्या लांबून आलेलं पाणी
त्याच्या मनगटाशी येऊन थांबलेलं.
म्हणाला, अक्का, हे बघा.
इकडं चार आटे फिरवले तर तुमची गल्ली भरतीय,
तिकडं शेवटच्या घरांत नुसती हवा येतीय, फुस्स.
तिकडं म्हणजे टँकरवाल्याची गल्ली.
तिथून मला अकरा मतं.
आधीचे साहेब चार सांगायचे.
तुम्ही सांगा.

सहा वर्षं मला वाटत होतं
पाणी कुणीतरी खातंय.
खाणारा सापडला की प्रश्न मिटला.
इथं तर पाणी होतं तेवढंच होतं
आणि दोन्हीकडे बादल्या.

दोन इकडे, दोन तिकडे, मी म्हणाले.
सकाळी माझ्याच गल्लीनं दार वाजवलं.
तुला निवडून दिलं ते यासाठी?
नात्यातला बोल्ली तर म्हणाला, बाटली तू बाटली.
आत पद्मजा अर्धी बादली घेऊन बसलेली,
बादलीवर माझा हसरा फोटो,
पाण्याच्या वरच्या बाजूला, कोरडा.

आता नवीन पाइपलाइनची फाइल आहे.
तिच्या मागं मी सात जिने चढलेय.
होईल का, माहीत नाही.
मध्ये मध्ये सूप मांडीवर घेते,
पान कापते, तंबाखू भरते, दोरा गुंडाळते.
बोटांना निदान हे ठाऊक आहे.

परवा पुन्हा पाळी.
गुरसिद्ध खड्ड्यातून विचारेल,
अक्का, किती?
आणि मला अंधारात
दोन्ही गल्ल्यांकडे कान लावून
आकडा सांगावा लागेल.