आठ पुड्या

टिपणीसांनी खिशातून लोहचुंबक काढलं.
टक्.
"लोखंडच. म्हणजे अस्सल," म्हणाले,
"पण एलिजाभाऊ, हे लाखांनी वाटले होते हो.
घोडबंदरला माझ्या कपाटातच तीन आहेत."
भिंगातून मागचा शिक्का वाचला,
पुढचे आकडे, १९१४, १९१८,
आणि आरपार गेलेल्या दोन तलवारी.
"तलवारी म्हणजे आघाडीवरचा माणूस.
सोबतचा कागद आहे का, नाव असलेला?
कागद असला तर गोष्ट वेगळी."

कागद.

माझा बाप हनोख, वय वर्षं एकोणीस,
टेंभी नाक्यावर सुसमान डॉक्टरकडे कंपाउंडर.
खरं नाव जर्मन, जिभेला न पेलणारं.
कळव्याचे मिठागरवाले त्याला सरळ 'समान डॉक्टर' म्हणत
आणि फीही समानच देत,
म्हणजे कुणीच काही नाही.

अठराव्या वर्षी तो चिखलातून स्ट्रेचर वाहायचा.
बंदूक एकदाच धरली,
तीही मेलेल्याच्या बोटांतून सोडवताना.
तलवारी आल्या सोळा वर्षांनी,
पोलीस चौकीत अर्ज भरून, रांगेत उभं राहून,
कारण बायको म्हणाली, असू दे एक सरकारी कागद,
आपल्यासारख्यांना उपयोगी पडेल.
ज्याच्या नावानं कागद निघाला
त्याच्याच भीतीनं चार वर्षांत गाव सोडलं.
बायको बोटीवर चढली नाही.
यापुढचं बापानं मला कधी सांगितलं नाही.

इथे आला तर लढाई लागली.
गोऱ्या साहेबानं विचारलं, जर्मन?
तो म्हणाला, ज्यू.
साहेबानं लिहिलं, जर्मन.
मग अहमदनगरची छावणी, तारेआड सतरा महिने,
आणि जेवणाच्या रांगेत मागेपुढे तेच,
ज्यांच्यापासून पळून आला होता.

सुटून ठाण्याला आला त्या वर्षी
खाडीकाठी घरटी दोघं हिवतापानं झोपलेले.
क्विनाईन मोजून मिळे,
पुड्या बांधायला तर कागदच नाही.
डॉक्टरनं ट्रंकेच्या तळातून घडी काढली,
कात्री मागितली.
आडवा काप एक, उभे तीन.
बाप म्हणाला, साहेब, यावर तुमचं नाव आहे.
"हो. छापील बाजू बाहेर ठेव," तो म्हणाला,
आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

राहिला हा.
दवाखान्याच्या किल्लीला अडकवलेला,
किल्ली हरवू नये म्हणून.
डॉक्टर गेल्यावर बाप दोन्ही घरी घेऊन आला.
आई म्हणाली, दाराला मेझुझा, आणि घरात क्रूस?
म्हणून मीटरच्या पेटीत लटकला, तो आजवर तिथेच.
दवाखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
किल्ली कशालाच लागत नाही.

"पाचशे देतो," टिपणीस म्हणाले,
"कागद नाही म्हणता, म्हणून."

मी चुंबकावरून तो सोडवला.
थोडा जोर लावावा लागला.

आठातली एक पुडी गेली होती चरईत,
अकरा वर्षांच्या एका पोरीला, जी पुढे माझी आई झाली.
फार कडू, ती म्हणायची,
ऐंशीव्या वर्षीही तोंड वाकडं करून;
कागदसुद्धा चाटून घ्यायला लावला होता मला.
आणि पुडीवर एका पक्ष्याचा पंख होता, अर्धाच.
कावळा असेल, म्हणे.